फुईचं पोट

दिवाळीचे आकाशकंदील उतरतात आणि धुळ्याच्या रस्त्यांवर कापसाचे ट्रॅक्टर दिसू लागतात. देवपुरातल्या आमच्या गॅलरीत सकाळी चहा घेताना मी ते बघत बसते. ताडपत्रीचे दोर ताणून बांधलेले, तरी कापूस कडेनं फुगून बाहेर आलेला. ट्रॅक्टर वळला की चार पुंजके उडतात आणि कडेच्या बाभळीला अडकून राहतात. कापसाला वास नसतो असं शहरातल्या माणसांना वाटतं. असतो. उन्हात तापलेल्या सरकीचा, थोडा तेलकट, थोडा धुळीचा. नाकात बसला की दिवसभर जात नाही. तो आला की माझे कान अजून गरम होतात. लोकांना हंगामांच्या गोड आठवणी असतात. मला या हंगामाची लाज आठवते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी धुळ्याला मामाकडे राहून कॉलेज करत होते आणि दिवाळीच्या सुटीत गावी आले होते. धरणगावच्या अलीकडे आमचं गाव. घरात आबा, माय, मी आणि फुई. फुई म्हणजे आत्या, आबांची थोरली बहीण. रुखमा तिचं नाव. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हा भावानं तिला घरी आणलं. मला चालायला तिनंच शिकवलं असं माय सांगायची. मला आठवतं ते तिचं वेचणं. दव वाळायच्या आत ती शेतात उतरायची. बोंडाची वाळकी टोकं आमच्या बोटांना ओरखडे काढायची. तिची बोटं मात्र त्या टोकांच्या मधून अशी आत जायची, की कापूस आपणहून तिच्या हातात यायचा.

वेचणाऱ्या बाया जुन्या लुगड्याची ओटी पोटाशी बांधतात आणि वेचलेला कापूस तिच्यात टाकत जातात. दुपारपर्यंत सगळ्यांची पोटं सारखीच फुगलेली दिसतात. त्या वर्षी फुई संध्याकाळी घरी येतानाही ओटी सोडत नव्हती. झाडाखाली कापूस रिकामा करायची आणि रिकामी ओटी पुन्हा पोटावर सैलसर बांधायची. "आक्का, आते तरी सोडा ना ती," माय म्हणायची. "ऱ्हाऊ दे. गार वारा लागस," फुई म्हणायची.

तिचे दंड सुकत चालले होते. गळ्याची हाडं वर आली होती. ताटात ज्वारी-उडदाच्या कळण्याची अर्धी भाकर घ्यायची आणि त्यातलीही निम्मी मला द्यायची. एका संध्याकाळी आम्ही शेताच्या बांधावर कापसाच्या काड्या पेटवून भरताची वांगी भाजत होतो. काळी पडलेली साल सोलली की आतून निघणारी ती वाफ, हिरव्या मिरच्या आणि लसूण ठेचल्याचा वास. असं भरीत फुईला जिवापलीकडे आवडायचं. तिनं एक घास तोंडात घातला, दुसरा हातात घेतला आणि तसाच परत ठेवला.

"भूक नही लागी का?" मी विचारलं.

"लागस ना. पन दोन घासम्हाच पोट भरी जास."

ती उठायला गेली. जाळ मागे होता आणि ओटी त्या दिवशी सोडलेली होती. त्या उजेडात मी तिचं पोट पाहिलं. मायनंही पाहिलं. आम्ही दोघींनी एकदमच मान दुसरीकडे वळवली.

गावानं आमच्या आधी पाहिलं होतं. हापशीवर मी कळशी घेऊन गेले की बायांचं बोलणं थांबायचं. एकदा ते थांबायला उशीर झाला. शेजारची सुमनकाकू दुसरीला सांगत होती, "रुखमाले दिन जायेल शेत म्हने. या वयम्हा!" मग तिनं मला पाहिलं आणि घाईघाईनं हापसायला लागली. मी अर्धी भरलेली कळशी उचलून घरी आले. फुईच्या दुखण्याचं मला काही कळलं नव्हतं. कॉलेजातल्या मैत्रिणींपर्यंत हे पोचलं तर काय, एवढंच मनात आलं होतं.

आबा पारावर जायचे बंद झाले. ते मायला आतल्या खोलीत म्हणाले, "तिले इचारी ले." दुसऱ्या दिवशी दुपारी माय फुईशेजारी बसली. फुई सरकी निवडत होती.

"आक्का, एक इचारू? रागे भरू नका."

"इचार."

मायची नजर जिथं जायची तिथं गेली. फुईचा हात थांबला.

"तुले बी तेच वाटस?"

"माले वाटत नही. पन लोके..."

"लोकेस्ना पोटम्हा काय शे ते लोकेस्ले माहीत," फुई म्हणाली. "मन्हा पोटम्हा काय शे ते मालेच माहीत नही."

आता कुणी विचारेल, मग डॉक्टरकडे का नेलं नाही? तेच सांगायचं आहे. जळगाव जवळ होतं. पण जळगावला आमच्या गावची रोजची ये-जा. बायकांच्या दवाखान्याच्या बाकावर विधवा बाई बसलेली कुणी पाहिली असती, तर जे कुजबुजत होतं ते पक्कं झालं असतं. म्हणून वैद्याची चूर्णं झाली, ओवा झाला, हिंगाचं पाणी झालं. पोट वाढत गेलं. थंडी वाढत गेली. शेतातली दुसरी वेचणी झाली. सुटी संपली, तरी मी दर शनिवारी गावी यायचे. घरातली आम्ही सगळी माणसं त्या पोटाभोवतून अशी वावरत होतो, की जणू ते घरात नाहीच.

शेवटी फुईला धाप लागायला लागली. पाठ टेकवून झोपता येईना. तेव्हा धुळ्याला जायचं ठरलं. लांब होतं आणि मामाचं घर सोडलं तर तिथं तिला ओळखणारं कुणी नव्हतं.

पहाटेच्या एसटीनं आम्ही तिघी आलो. मामाच्या घरी हातपाय धुतले. मग माय मला म्हणाली, "शोभा, तुन्हं टिकलीनं पाकीट दे." मला कळेना. मायनं पाकिटातली लाल टिकली काढली, फुईसमोर उभी राहिली आणि खाली बघत म्हणाली, "आक्का, तठे बठ्ठ्या सवाशिनी बसतीन. कोनी इचारायला नको." तिनं ती टिकली फुईच्या कपाळावर लावली. मग स्वतःच्या गळ्यातली काळ्या मण्यांची पोत काढून तिच्या गळ्यात घातली.

मामीच्या भिंतीवर छोटा आरसा होता. फुई त्याच्यासमोर गेली. तिच्या कपाळावर कुंकू मी जन्मात पाहिलं नव्हतं. ती बराच वेळ बघत राहिली.

"मी कशी दिखस व?" तिनं विचारलं.

मायनं पिशवी उचलली आणि दार उघडलं.

दवाखान्यातल्या त्या बाकाची आठवण मला नको असताना येते. पोटुशा पोरी, त्यांच्या सासवा, फिनेलचा वास, पिशवीतून डोकावणारे थर्मास. मोकळ्या गळ्याची माय आणि टिकली लावलेली फुई शेजारी शेजारी. फुईनं पदर एवढा पुढं ओढला होता की टिकली दिसतच नव्हती. एका म्हातारीनं कौतुकानं विचारलं, "कितवा महिना?" मायनं खिडकीबाहेर पाहिलं. फुई हळूच म्हणाली, "माहीत नही."

डॉक्टरबाई तरुण होत्या. फुईची बोली त्यांना नीट कळत नव्हती, म्हणून मला आत बोलावलं. "मिस्टर काय करतात?" त्यांनी सवयीनं विचारलं. "शेती," मायनं सांगून टाकलं. फुईनं मायकडे पाहिलं, मग डॉक्टरबाईंकडे, आणि कपाळावरची टिकली नखानं काढली.

"तो नही शे. हाई मन्ही पोर शे ना, इतलीच व्हतू मी, तवय गया," ती माझ्याकडे बोट करून म्हणाली. तिनं मला आपली पोर म्हटलेलं माझ्या कानांना कळलं. भाषांतर करताना मी ते गाळलं. "त्या विधवा आहेत, तरुणपणापासून," एवढंच सांगितलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "बरं. आता आपण फक्त पोटाबद्दल बोलू. हे कधीपासून आहे?"

"दसरापाईन," माय म्हणाली.

"नही," फुई म्हणाली. "पोळापाईन."

"मग इतके दिवस कुणाला सांगितलं नाहीत?"

फुईनं हातातली टिकली पदराच्या टोकात गुंडाळली.

तपासण्या झाल्या. पोटातलं पाणी काढलं, ते तपासायला पाठवलं. पुन्हा बोलावलं तेव्हा डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. गर्भाशय, त्याच्या दोन बाजूंना दोन अंडाशय. डाव्या अंडाशयावर गाठ होती. कॅन्सर होता आणि तो पोटात पसरला होता. "हा आजार सुरुवातीला ओळखू येणं अवघड असतं," त्या म्हणाल्या. "पोट फुगतं, भूक मरते, कंबर दुखते, सारखं लघवीला जावं लागतं. बायका म्हणतात गॅस झाला. आम्हालाही कधी कधी तसंच वाटतं. लवकर आला असतात तर बरं होतं, पण आलात हेही बरं. ऑपरेशन करू. पुढच्या औषधांसाठी मुंबईला जावं लागेल."

संध्याकाळच्या गाडीनं मी आणि माय गावी आलो. फुईला तिथंच ठेवून घेतलं होतं. आबा स्टँडवर उभे होते. धुळीत, लोकरीचा मफलर डोक्याला गुंडाळून. मायनं सांगितलं. त्यांनी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"कॅन्सर? पक्कं?"

"पक्कं."

"तेच शे ना? दुसरं काही नही ना?"

"नही."

आबांनी लांब श्वास सोडला. त्यांचे खांदे खाली आले. "चला," ते म्हणाले. "इज्जत वाचनी."

हेच ते. त्या हंगामाची लाज मी म्हणते ती हीच. आबा दुष्ट नव्हते. ऑपरेशनसाठी त्यांनी धावाधाव केली, रक्त दिलं, मुंबईच्या धर्मशाळेत बहिणीच्या उशाशी आठवडेच्या आठवडे बसले. पण त्या क्षणी, स्टँडवरच्या त्या पिवळ्या दिव्याखाली, बहिणीला कॅन्सर झालाय म्हणून त्यांना सुटल्यासारखं झालं. मायलाही झालं. तिच्या चालण्यात मला ते दिसलं. आणि मला? मी दुसऱ्या दिवशी हापशीवर गेले आणि सुमनकाकू दिसताच मोठ्यानं म्हणाले, "आमच्या फुईला कॅन्सर आहे." जिंकल्यासारखं म्हणाले. लोक बातमी दडवतात तो आजार आम्ही गावभर मिरवला.

ऑपरेशननंतर दवाखान्यात फुईला हे गावभर झाल्याचं कळलं, तेव्हा ती पोटावरच्या पट्ट्या सांभाळत उशीवर थोडी वर सरकली. "मंग आते तरी लोके गप बसतीन," ती म्हणाली. तिच्याही चेहऱ्यावर तेच होतं. सुटका.

मुंबईच्या औषधांनी तिचे केस गेले, उलट्या झाल्या, जिभेची चव गेली. पण पोट उतरलं. त्यानंतरचा आणखी एक कापसाचा हंगाम तिला मिळाला. फुई त्यानंतरच्या पोळ्याच्या आसपास गेली, हे मी इथंच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी खोटी आशा धरून बसायला नको. पण तो एक हंगाम तिनं जसा घालवला, त्यामुळेच मी आज हे लिहू शकते आहे.

माझं कॉलेज संपलं होतं, मी गावीच होते. वेचणी फुईच्यानं होत नव्हती. तरी ती दुपारी शेतात येऊन बसायची. बाया निंबाच्या सावलीत भाकरी सोडायच्या, तेव्हा ती त्यांच्यात जायची. आधी कुणी तिच्या नजरेला नजर देत नव्हतं. एके दिवशी ती उभी राहिली. आजूबाजूला गडीमाणूस नव्हता. तिनं लुगड्याच्या निऱ्या थोड्या खाली केल्या आणि पोट उघडं केलं. बेंबीच्या वरपासून खालपर्यंत गेलेला व्रण. जांभळा, चमकदार, दोन्ही बाजूंना टाक्यांच्या खुणा.

"हाई देखा," ती म्हणाली.

बायांनी तोंडाला पदर लावले. माय कळवळून म्हणाली, "आक्का, हाई काय करी ऱ्हायन्यात!" मी तर बांधाकडे पाठ करून उभी राहिले. मला जमिनीत शिरावंसं वाटत होतं. तिच्या आजारपणाच्या लाजेतून सुटलो म्हणावं, तर ही नवी.

"देखा," फुई पुन्हा म्हणाली. "माले लाज वाटनी, मन्हा भाऊले लाज वाटनी, बठ्ठा घरले लाज वाटनी. तवलोंग आजार पोटभर पसरी गया. पोट फुगनं, भूक मरनी, कंबर दुखनी, घडीघडी लघवीले लागनं, आनि ते जायनंच नही, तं ओवा खाई बसू नका. डॉक्टरले दखाडा. काही नही निंघनं तं चांगलंच."

भाकरी संपल्या, बाया ओट्या बांधून पुन्हा ओळींत शिरल्या. संध्याकाळी मात्र सुमनकाकू आमच्या मागच्या दारानं आली. तिची पाळी जाऊन वर्षं झाली होती आणि आता पुन्हा अंगावरून जायला लागलं होतं. ते तिनं नवऱ्याला सांगितलं नव्हतं. तिनं ते फुईला सांगितलं, जिच्याबद्दल ती गावभर बोलली होती तिला. मला वाटलं फुई काही ऐकवेल. फुई म्हणाली, "उद्यानी गाडीवर जाऊ."

पण सुमनकाकूला त्या बाकावर बसायची भीती वाटत होती. तेव्हा फुईनं मायला घेतलं, आणखी दोघी शेजारणींना घेतलं. पाच बाया एकाच बाकावर बसल्या. त्यांतली आजारी कोण हे बघणाऱ्याला कळायची सोय नव्हती. सुमनकाकूचं दुखणं साधं निघालं, औषधानं गेलं. मग तीच पुढच्या बाईबरोबर जायला लागली. असं ते सुरू झालं. त्याला ना नाव होतं ना पाटी. कुणाला त्रास झाला की चौघी-पाच जणी मिळून धुळ्याला यायच्या, दवाखाना करायच्या, स्टँडवर गरम भजी खायच्या आणि अंधार पडायच्या आत गावी परत. बहुतेकींचं काहीच निघालं नाही. एकीची गाठ वेळेत काढली गेली, ती आज नातवंडांत आहे. दुसऱ्या एकीची नाही वेळेत सापडली. तिच्या घरी या बाया आळीपाळीनं भाकरी नेत होत्या, ती जाईपर्यंत.

आता देवपुरात शिकलेल्या बायका माझ्या आजूबाजूला राहतात. आमच्या महिला मंडळात कुणी आजारी पडली की आवाज खाली जातात. "लेडीज प्रॉब्लेम" म्हणतात, नाहीतर "खालचा त्रास". अंडाशय हा शब्द मी एका बैठकीत नीट उच्चारला, तर एकीनं उठून स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं, आत मुलगा जेवत होता म्हणून. मला तिचा राग आला नाही. माझेच कान गरम झाले होते.

फुईच्या त्या शेवटच्या हंगामात मला बघायला पिंपळनेरची मंडळी येणार होती. मुलगा शिक्षक होता, त्याची आई आणि काका येणार होते. पारावर कॅन्सर हा शब्द ताठ मानेनं सांगणारे आबा आता हळू बोलायला लागले. घरात कॅन्सर असला की पोरीचं जमत नाही, रक्तात उतरतो म्हणतात. आदल्या दिवशी ते फुईला म्हणाले, "बाई, उद्या दुपारी मळाम्हा जाई बस. दोन घटकानी गोट शे." फुई बरं म्हणाली. मी तिथंच होते. मीही गप्प बसले.

मंडळी आली, पोहे झाले, मी पाटावर बसून नाव सांगितलं. तेवढ्यात फुई मागच्या दारानं आत आली. डोक्यावर पदर, खाली उगवायला लागलेले पांढरे बारीक केस. ती मुलाच्या आईसमोर बसली.

"मी हिन्ही फुई. माले पोटना कॅन्सर शे. लपाडीसन लगीन नको. पोरीले घर देशात तं डॉक्टरकडे नेत ऱ्हाजात."

काकांनी चहा तसाच ठेवला. मुलाची आई फुईच्या तोंडाकडे बघत राहिली. मंडळी गेली आणि ते स्थळ मोडलं. आबा दोन दिवस बहिणीशी बोलले नाहीत. मी रडले. आणि रडताना मला, खरं सांगायचं तर, फुईचा राग आला होता.

पंधरवडा गेला असेल. सकाळच्या एसटीनं ती पिंपळनेरची बाई, मुलाची आई, एकटीच आली. माय गडबडून चटई टाकायला लागली, तशी ती म्हणाली, "लगीननं बोलनं नही शे. रुखमाबाईले भेटनं व्हतं." दोघी मागच्या अंगणात तुळशीजवळ बसल्या. फार वेळ. मग फुईनं चपला घातल्या आणि सुमनकाकूला हाक मारली. तिघी धुळ्याच्या गाडीवर निघाल्या.

संध्याकाळी दिवेलागणीला फुई परत आली. पाय सुजले होते, ओठ कोरडे पडले होते. मी तिला पाणी दिलं आणि आत येता येताच विचारलं, "काय निघालं गं तिला?"

फुईनं पाणी संपवलं. "ते तिले इचार. तिन्हं पोट शे, तिन्ही गोट शे."

मी ओशाळले. सांगणं आणि मिरवणं, लपवणं आणि जपणं, यांत फरक असतो हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. मी भांडं घेऊन उठायला लागले, तर तिनं माझं मनगट धरलं. हात हलका झाला होता, पण पकड तीच होती.

"तुन्हं काय?" तिनं विचारलं.

"माझं काय?"

"महिनाना महिना तू कोपराम्हा पोट धरीसन गोया व्हईसन पडस, दात धरी. माले काय दिखत नही का?"

बाहेर आबा बैलांना चारा टाकत होते. माय चुलीशी होती. मी दाराकडे पाहिलं. फुईनं उठून ते लावून घेतलं नाही. ती नुसती थोडी सरकली आणि चटईवर माझ्यासाठी जागा केली.

मी बसले. मग मी सांगायला लागले.